रात्रीच्या सायकलीला मागे हिरवा दिवा चालेल का?

सांजफेरी (सोमवार, रात्री ११:५०)

माझी पाळी रात्री साडेदहाला सुटते. तिथून घर १४ किलोमीटर. पहिल्या ९ किलोमीटरला रस्त्यावर दिवे आहेत, शेवटच्या ५ किलोमीटरला एकही नाही. दोन वर्षं मी पुढे पांढरा आणि मागे लाल अशा साध्या दिव्यांवर जात-येत होते. गेल्या आठवड्यात मागचा दिवा बंद पडला. नवा घेतला तो सात रंगांचा निघाला. बटण दाबत गेलं की लाल, हिरवा, निळा, जांभळा असा बदलत जातो.

सोबतच्या कागदावर छापलंय की माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात चांगला दिसतो, म्हणून रात्री हिरवा वापरा. वाचून पटलं. शुक्रवारी हिरवा लावून निघाले. अंधाराच्या टप्प्यात मागून एक मोटार आली आणि अगदी जवळ येऊन तिचे ब्रेक करकचून लागले. चालक खाली उतरले, तेही हादरले होते. म्हणाले, "मला वाटलं लांब कुठेतरी पाटी लुकलुकतेय. रस्त्यात कुणी चाललंय हे तुमचा पाय हलताना दिसला तेव्हा कळलं."

कामावर विचारलं तर तिघांचे तीन सल्ले. एक म्हणतात निळा लाव, गाड्या आपोआप हळू होतात. दुसरे म्हणतात मागे लालच हवा. तिसऱ्यांनी सांगितलं की पुढचा दिवा पिवळा कर, धुक्यात उपयोगी पडतो. आमच्याकडे पहाटे धुकं असतं आणि आठवड्यातून दोनदा माझी पहाटपाळी असते, म्हणून तोही प्रश्न आहेच.

नुसतं "हे लावा" असं नको, का ते सांगा. मला समजून घ्यायचंय.

उतारवाट (मंगळवार, सकाळी ६:१५)

मागे लाल, पुढे पांढरा. कारणं इतर जण सांगतीलच, पण आज रात्री निघण्याआधी तो दिवा लालवर आणा. बाकी चर्चा नंतर.

दृष्टिक्षेप (मंगळवार, सकाळी ९:०५)

नेत्रतपासणी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून त्या छापील वाक्याबद्दल आधी लिहितो. ते वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. दिवसा डोळा सगळ्यात संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास (तरंगलांबीवरून प्रकाशाचा रंग ठरतो), म्हणजे पिवळसर हिरव्या रंगाला. पूर्ण अंधाराला सरावलेला डोळा ५०७ च्या आसपास, निळसर हिरव्या रंगाला. लाल टोकाकडे दंडपेशी जवळपास आंधळ्याच. संध्याकाळी बागेत उभं राहून पाहा, लाल फुलं आधी काळपट होतात आणि हिरवी पानं त्यांच्यापेक्षा उजळ दिसू लागतात. १९व्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे टिपलं. या बदलाला आजही त्याचंच नाव आहे.

इथवर कागदावालं वाक्य बरोबर. पण गाडी चालवणाऱ्याचा डोळा अंधाराला पूर्ण सरावलेला कधीच नसतो. त्याला २० ते ३० मिनिटं किंवा जास्तच काळोख लागतो. चालकासमोर स्वतःच्या हेडलाइटचा उजेड असतो, समोरून येणाऱ्या गाड्या असतात. शिवाय तो रस्त्याकडे सरळ पाहत असतो, आणि पडद्याच्या अगदी मध्यावर, जिथे आपण नजर रोखतो तिथे, दंडपेशी नसतातच. म्हणजे तुमचा दिवा तो शंकुपेशींनी पाहतो, आणि त्यांना लाल दिवा व्यवस्थित दिसतो. लाल मार खातो तो नजरेच्या कडेला. त्यावर उपाय एकच, लाल दिवा पुरेसा प्रखर घेणे.

आणखी एक गोष्ट. दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. तुमच्या त्या चालकांना हिरवा दिवा दिसला होता. सायकल कळली नाही.

हमरस्ता (मंगळवार, दुपारी २:३०)

दृष्टिक्षेप यांचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर आहे, मी त्याची दुसरी बाजू सांगतो. मी २२ वर्षं मालवाहू गाडी चालवतोय, त्यातली निम्मी रात्रीची.

ताई, रात्री आम्हाला गाड्या दिसत नाहीत, दिवे दिसतात. दिव्यांवरून आम्ही गाड्या ओळखतो. दोन लाल ठिपके म्हणजे पुढे जाणारी गाडी, आणि त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर वाढायला लागलं की मी तिच्या जवळ चाललोय. एकच लाल म्हणजे दुचाकी, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून सुटतो. पांढरा म्हणजे माझ्याकडे येणारा. कडेला नारिंगी उघडझाप म्हणजे कुणीतरी वळतंय किंवा थांबलंय. निळा दिसला की मी आरसे बघतो, बाजूला घ्यायला जागा शोधतो, कारण निळा म्हणजे तातडीची गाडी. त्या क्षणी मी रस्त्यात सायकल शोधत नसतो. म्हणून निळा दिवा लावायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. अनेक देशांत तो कायद्यानेही तातडीच्या सेवांसाठी राखून ठेवलेला आहे.

आता हिरवा. हिरवा म्हणजे सिग्नल, पाटी, दुकानाचा फलक, कुणाच्या तरी गच्चीवरची माळ. मेंदू त्याला रस्त्याबाहेर टाकून देतो. हे आम्ही ठरवून करत नाही. रात्रभर हजारो दिवे डोळ्यांपुढून जातात. कुठल्या दिव्याकडे लक्ष द्यायचं आणि कुठला सोडून द्यायचा हे आतल्या आत होत राहतं.

थोडा हिशेब मांडतो. माझी गाडी ताशी ७२ ने चालली आहे, म्हणजे सेकंदाला २० मीटर. तुम्ही ताशी १८ ने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. आपल्यातलं अंतर सेकंदाला १५ मीटरने कमी होतंय. लाल दिवा मला १५० मीटरवर कळला तर माझ्याकडे १० सेकंद आहेत. आरसा बघून, इंडिकेटर देऊन, ऐसपैस जागा सोडून मी पुढे जातो. तोच दिवा हिरवा असल्यामुळे तुम्ही ४५ मीटरवर कळलात तर ३ सेकंद. भरलेली गाडी ३ सेकंदांत वाकडी करता येत नाही.

मागे पांढरा लावणारे तर मी स्वतः पाहिलेत. तो सगळ्यात वाईट. समोरून कुणीतरी माझ्याच बाजूने येतंय असं वाटतं आणि मी त्याला चुकवायला भलतीकडे घेतो.

मैलदगड (मंगळवार, रात्री ८:४०)

हमरस्ता यांनी सांगितलं ती रंगांची भाषा जगभर जवळपास सारखीच आहे. रस्ता वाहतुकीबद्दलचा व्हिएन्ना करार १९६८ चा. त्यात सायकलीसाठी मागे लाल परावर्तक, मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा किंवा पिवळसर दिवा असंच म्हटलंय. पाण्यावरही हेच तत्त्व. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा, मागे पांढरा. काळोखात नुसते ठिपके पाहून समोरचं जहाज कुठल्या दिशेला चाललंय हे खलाशाला कळतं. विमानांचंही तसंच. रंग दिशा सांगतो. रस्त्यावर त्याचा अर्थ वेगळा ठरलाय एवढंच.

मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करतो, २०० ते ६०० किलोमीटर, त्यात रात्रभर चालवणं येतंच. तिथे दिवे आणि परावर्तक जाकीट असल्याशिवाय रात्री रस्त्यावर उतरू देत नाहीत. माझी स्वतःची मांडणी अशी: मागे दोन लाल दिवे, एक सीटपोस्टवर आणि एक खाली मडगार्डवर. दोन का, तर एक बंद पडला तर मागचं मागे आपल्याला कळत नाही. एकाखाली एक लावलेत, शेजारी शेजारी नाही. शेजारी लावलेले दोन लाल दिवे लांबवर असलेल्या मोटारीसारखे वाटू शकतात.

आडवाट (मंगळवार, रात्री १०:१०)

मला हे पूर्ण पटत नाही. शहरात रात्री नऊला रस्त्यावर उभं राहिलं तर समोर शंभर लाल दिवे असतात. त्यात सायकलीचा एक बारीक लाल ठिपका हरवून जातो. वेगळा रंग निदान नजरेत भरतो. मी वर्षभर मागे जांभळा लावतोय आणि लोक मला थांबवून सांगतात की लांबून दिसलात. उजेडाच्या रस्त्यावर वेगळेपणाचा फायदा आहे आणि अंधाऱ्या रस्त्यावर लालचा, असं मला वाटतं.

हमरस्ता (मंगळवार, रात्री १०:४५)

आडवाट, लोकांनी थांबवून सांगितलं ते तुम्ही थांबल्यावर, आणि तेही बहुधा पायी चालणारे किंवा सावकाश जाणारे असणार. मला ते वेगळेपण सेकंदभर विचार करायला लावतं. हे काय आहे? कुठल्या बाजूला चाललंय? त्या सेकंदात मी २० मीटर पुढे गेलेला असतो. शंभर लाल दिव्यांत तुमचा दिवा हरवतो ही अडचण मात्र खरी आहे, ती नाकारत नाही. त्यावर रंग बदलण्यापेक्षा दुसरा काही मार्ग असावा.

दृष्टिक्षेप (बुधवार, सकाळी ८:२०)

मार्ग आहे. हालचाल.

माणसाच्या चालण्याची, पेडल मारण्याची लय आपला मेंदू फार चटकन ओळखतो. घोट्याला आणि गुडघ्याला परावर्तक पट्ट्या बांधलेला सायकलस्वार नुसत्या जाकिटातल्या सायकलस्वारापेक्षा चालकांना जास्त वेळा आणि जास्त अंतरावरून ओळखता येतो, हे प्रत्यक्ष रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांत दिसलंय. वर-खाली होणारे दोन चमकते ठिपके म्हणजे पाय, आणि पाय म्हणजे माणूस. सांजफेरी ताईंच्या त्या चालकांनीही हेच सांगितलं, पाय हलताना दिसला तेव्हा कळलं. पेडलवर नारिंगी परावर्तक लावतात ते यासाठीच.

पट्ट्या चंदेरी घ्या. लाल परावर्तक पट्टी चंदेरीच्या मानाने बराच कमी उजेड परत पाठवते, साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी. इथे रंगाच्या नियमाची अडचण येत नाही, कारण पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. चालकाचाच उजेड त्याच्याकडे परत जातो आणि पायाबरोबर हलतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ते झगझगीत पोपटी-पिवळं जाकीट दिवसा फार उपयोगी आहे, कारण उन्हातले अतिनील किरण शोषून ते जास्तीचा दृश्य उजेड बाहेर टाकतं. रात्री तो परिणाम नसतो. रात्री त्यावरच्या चंदेरी पट्ट्या काम करतात, कापड नाही. म्हणून पट्ट्यांवर पाठपिशवी येत असेल तर जाकीट घालून न घातल्यासारखंच.

काजळरेघ (बुधवार, सकाळी ११:००)

मी या चर्चेत मुद्दाम लिहितोय, कारण माझ्यासारख्यांचा विचार दिवे घेताना कुणी करत नाही. मला जन्मापासून लाल रंग नीट दिसत नाही. लाल-हिरव्याचा घोळ असलेले पुरुष बरेच असतात, युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांत एक. त्यातल्या सगळ्यांचं दिसणं सारखं नसतं. माझ्या प्रकारात लाल रंग नुसता ओळखू येत नाही एवढंच नाही, तो मंद दिसतो. गडद लाल दिवा तुम्हाला लख्ख दिसत असेल, तो मला विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो.

मी गाडी चालवतो, सिग्नल जागेवरून ओळखतो, कधी अडचण आली नाही. पण सायकलीचा बारीक, गडद लाल दिवा ही माझी रोजची धास्ती आहे.

मागचा दिवा निवडताना लाल घ्या, पण नारिंगीकडे झुकणारा लाल घ्या, आणि चांगला उजळ. लाल एलईडी साधारण ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या असतात, त्या मला ठीक दिसतात. ६६० च्या आसपासचा खोल लाल मला जवळजवळ दिसत नाही. पुढच्या पांढऱ्या दिव्यावर लाल कागद किंवा लाल रंग लावून कुणी मागचा दिवा करत असेल तर कृपा करून करू नका. बहुतेक उजेड त्या कागदात अडकतो आणि उरलेला माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

आडवाट (बुधवार, दुपारी १२:३५)

काजळरेघ, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. लिहिलंत हे फार चांगलं केलंत. जांभळ्यात निळा आणि लाल मिसळलेला असतो, तो तुम्हाला कसा दिसतो?

काजळरेघ (बुधवार, दुपारी १२:५०)

निळा. सरळ निळा दिसतो.

आडवाट (बुधवार, दुपारी १:००)

म्हणजे तुमच्यासाठी मी वर्षभर तातडीची गाडी होतो. आज लाल लावतो. घोट्यांना पट्ट्याही आणतो.

सांजफेरी (बुधवार, दुपारी ४:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवा त्याच रात्री लालवर आणला. आता पुढच्या दिव्याचं सांगा. पिवळा घेऊ का? आणि पांढऱ्यातही पिवळट पांढरा, निळसर पांढरा असे प्रकार दिसतात, त्यातला कोणता?

धुकेवाट (बुधवार, सायंकाळी ६:५५)

मी पदार्थविज्ञान शिकवते आणि सायकलीनेच जाते, त्यामुळे या प्रश्नावर थोडं लांबण लावते.

पिवळा उजेड धुकं भेदतो ही समजूत कुठून आली ते कळतं. हवेच्या रेणूंवर निळा प्रकाश लालपेक्षा कितीतरी जास्त विखुरतो, म्हणून आकाश निळं. पण तो नियम प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांसाठी आहे. धुक्याचा थेंब साधारण १० मायक्रॉनचा, म्हणजे तरंगलांबीच्या वीसएक पट मोठा. त्याच्यावर आपटून सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच, नाहीतर तेही निळं दिसलं असतं. म्हणून पिवळा दिवा धुक्यात पांढऱ्यापेक्षा लांब पोहोचत नाही. फ्रान्समध्ये १९३६ पासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. युरोपात एकच नियम आला तेव्हा ते गेले, आणि तिथल्या धुक्यात गाड्या पांढऱ्या दिव्यांवरही चालतात.

धुक्यात त्रास देतो तो परत आपल्याच डोळ्यांत येणारा उजेड. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ तितका तो जास्त येतो. म्हणून धुक्यात हेल्मेटवरचा दिवा बंद करा. समोर पांढरी भिंत उभी राहते तिचं निम्मं कारण तोच असतो. हँडलवरचा दिवा शक्य असेल तर खाली, पुढच्या फोर्कपाशी आणा, झोत रस्त्यावर ठेवा आणि प्रखरता एक पायरी उतरवा.

आता पांढऱ्यातले प्रकार. पांढरी एलईडी म्हणजे खरं तर निळी एलईडी आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा लेप. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झालं तिच्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. लेप कमी असेल तर उजेड निळसर, ६५०० केल्विनच्या आसपास (केल्विन हे पांढऱ्याच्या छटेचं माप). लेप जास्त असेल तर उबदार, ३००० च्या आसपास. लेपात थोडा उजेड खर्च होतो, म्हणून त्याच बॅटरीवर निळसर दिव्याचे लुमेन, म्हणजे एकूण उजेडाचं माप, जास्त भरतात आणि खोक्यावरचा आकडा मोठा दिसतो.

मी ४००० ते ५००० केल्विनमधला घेते. निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जास्त खुपतो, वयस्कर डोळ्यांत तर आणखीच, कारण वयाबरोबर डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं आणि प्रकाश आतल्या आत पसरतो. ओल्या रस्त्यावर, मातीच्या रस्त्यावर मला मध्यम पांढऱ्यात खड्डा आणि सावली वेगळी ओळखता येते. शेवटचं विधान माझ्या डोळ्यांपुरतं आहे. एक जास्तीचा फायदा म्हणजे उबदार उजेडावर किडे कमी येतात, उन्हाळ्यात तोंडावर आपटत नाहीत.

मैलदगड (बुधवार, रात्री ९:३०)

धुकेवाट यांच्या माहितीला एक जोड. पुढच्या दिव्याच्या रंगापेक्षा झोताचा आकार महत्त्वाचा. जर्मनीत सायकलीच्या दिव्याला मान्यता हवी असेल तर १० मीटरवर किमान १० लक्स (एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडावा लागतो, आणि झोताची वरची कड कापलेली असावी लागते, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. बॅटरीसारखा गोल झोत टाकणारा दिवा निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांवर घालवतो. लावताना सायकल भिंतीसमोर ५ मीटरवर उभी करा आणि झोताचा सगळ्यात उजळ भाग दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडतोय का ते बघा. समोरची माणसं डोळ्यांवर हात धरत असतील तर दिवा चुकीचा लागलाय, मग रंग कुठलाही असो.

पाऊलखूण (गुरुवार, सकाळी ७:४५)

मुलीच्या सायकलीच्या चाकांत हिरवे-निळे दिवे आहेत, फिरताना वर्तुळं दिसतात. तिला फार आवडतात. ते काढायचे का? ती संध्याकाळी वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवरच चालवते.

मैलदगड (गुरुवार, सकाळी ८:३०)

काढू नका, फक्त त्यांच्यावर विसंबू नका. पुढे पांढरा आणि मागे लाल हे दोन दिवे असलेच पाहिजेत, चाकातले त्याच्यावर जास्तीचे. बाजूने दिसणं ही फार दुर्लक्षित गोष्ट आहे. चौकात आडवी येणारी गाडी तुमचा पुढचा दिवाही पाहत नाही आणि मागचाही. फिरणारं वर्तुळ दिसलं की सायकल आहे हे लगेच कळतं. रंग बदलता येत असेल तर पांढरा किंवा नारिंगी करा, बाजूसाठी तेच नेहमीचे रंग आहेत. अमेरिकेतल्या नियमांत पुढच्या चाकाच्या बाजूच्या परावर्तकाला नारिंगी किंवा पांढरा आणि मागच्या चाकाला लाल किंवा पांढरा असा फरक केलाय, म्हणजे आडव्या नजरेलाही सायकलीचं तोंड कुठे आहे ते कळावं. टायरच्या कडेला परावर्तक पट्टा असलेले टायरही मिळतात, त्यांना बॅटरी लागत नाही.

उतारवाट (गुरुवार, दुपारी १:१५)

रंगाचं झालं, आता उघडझाप की स्थिर? मी मागचा दिवा कायम उघडझाप ठेवतो. बॅटरी टिकते आणि लक्ष वेधलं जातं.

हमरस्ता (गुरुवार, दुपारी ३:००)

लक्ष वेधलं जातं हे मान्य. पण अंतर कळत नाही. दिवा विझतो आणि पुन्हा लागतो तेव्हा तुम्ही थोडे सरकलेले असता. मी तुमच्यापासून ८० मीटरवर आहे की ४० वर, हे नुसत्या उघडझापीवरून ठरवता येत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर स्थिर लावा, ही माझी विनंती. अतिशय वेगाने फडफडणारे दिवे तर बघवत नाहीत.

दृष्टिक्षेप (गुरुवार, दुपारी ४:१०)

बघवत नाहीत हे नुसतं चिडचिडीचं नाही. काही माणसांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो, सेकंदाला १५ ते २५ वेळा फडफडणारा प्रकाश त्यांच्यासाठी सगळ्यात धोक्याचा. ब्रिटनने २००५ मध्ये सायकलींना उघडझाप दिव्यांची परवानगी दिली तेव्हा मिनिटाला ६० ते २४० अशी मर्यादा घातली, म्हणजे सेकंदाला १ ते ४ वेळा. जर्मनीत सायकलीवर उघडझाप दिव्याला परवानगीच नाही. दोन दिवे असतील तर एक स्थिर आणि एक सावकाश उघडझाप, हा मला चांगला मधला मार्ग वाटतो.

मैलदगड (गुरुवार, सायंकाळी ५:२५)

दिवसाही दिवा चालू ठेवा, हेही सुचवतो. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये जवळजवळ ४,००० सायकलस्वारांवर प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलीला चाकातल्या चुंबकावर चालणारे, कायम चालू राहणारे दिवे बसवले होते त्यांना इजा झालेले अपघात इतरांच्या मानाने १९ टक्के कमी झाले. आकडे सहभागी लोकांनी स्वतः कळवलेले होते, हे ध्यानात ठेवून वाचायला हवेत. तरी मी तेव्हापासून दिवा बंद करणं सोडलं.

सांजफेरी (शनिवार, रात्री ११:१५)

तुमचं सगळं वाचून आज भावाला घेऊन त्या अंधाऱ्या टप्प्यावर गेले. वाहन नसेल तेव्हा त्याने माझी सायकल चालवत लांब जायचं आणि मी कडेला उभं राहून पाहायचं, असं ठरवलं. एकेक रंग लावून पाहिला.

हिरवा खरंच लांबून दिसला, पण तो किती लांब आहे, जातोय की उभा आहे, काहीच सांगता येईना. मागे दूरच्या इमारतीवर एक हिरवा दिवा होता, भाऊ आणि तो दिवा एका रेषेत आले तेव्हा कुठला कोणता ते मला ओळखू आलं नाही. निळा लांबून पसरट, धूसर दिसला, त्याची कडच नीट दिसत नव्हती. लाल हिरव्याइतका उजळ नव्हता हे खरं. पण लाल दिसला की मनात "कुणीतरी पुढे चाललंय" हे आपोआप उमटलं. वाट पाहावी लागली नाही. हमरस्ता, तुम्ही म्हणालात ते मला तेव्हा आतून कळलं.

मग त्याने घोट्याला चंदेरी पट्ट्या बांधल्या आणि मी बॅटरी कपाळाशी धरली. त्याचे पाय इतक्या लांबून चमकले की मी थक्क झाले. आतापर्यंत त्यावर एकदाही विचार केला नव्हता याचं वाईट वाटलं.

एक गोष्ट तिथेच सापडली. माझी पिशवी कॅरिअरवर ठेवली की मागचा दिवा वरून निम्मा झाकला जातो. दोन वर्षं मी अर्ध्या दिव्यावर चालवत होते.

आता नवी मांडणी: कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर स्थिर लाल, नारिंगीकडे झुकणारा. हेल्मेटच्या मागे छोटा लाल, सावकाश उघडझाप. पुढे ४५०० केल्विनचा पांढरा, वरची कड कापलेला. घोट्यांना पट्ट्या. पेडलचे नारिंगी परावर्तक पुसून घेतले, चिखलाने काळे झाले होते.

काजळरेघ (रविवार, सकाळी ७:००)

नारिंगीकडे झुकणारा घेतलात, वाचून बरं वाटलं.

पाऊलखूण (रविवार, सकाळी १०:२०)

मुलीच्या चाकातले दिवे पांढरे करता आले. मागे लाल लावताना तिने विचारलं लालच का, तर तिला हमरस्ता काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. सांजफेरी ताई, त्या सात रंगी दिव्याचं काय केलंत?

सांजफेरी (रविवार, दुपारी १२:४०)

सायकलीवरून काढला. ओल्या हातमोज्याने बटण चुकून दाबलं गेलं आणि मागच्या मागे रंग बदलला तर मला कळणारही नाही. आता तो पंक्चरच्या पिशवीत आहे. अंधारात ट्यूब बदलताना लालवर ठेवला तर डोळे दिपत नाहीत आणि काम झाल्यावर लगेच रस्ता दिसू लागतो, असं वाचलं होतं. बरोबर आहे ना?

दृष्टिक्षेप (रविवार, दुपारी १:३०)

बरोबर. लाल उजेडाने दंडपेशी फारशा विचलित होत नाहीत, म्हणून अंधाराची सवय टिकून राहते. मात्र मंद ठेवा. आणि ट्यूबवर भोकाची खूण निळ्या खडूने करू नका. लाल उजेडात काळ्या ट्यूबवर निळी खूण काळपटच दिसते.